कर्कपेशीची ओळख : टाच आणि लगाम

दिनांक २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा संपूर्ण दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. १९९५ पासून शाळांच्या पडव्यांत, चावडीवर आणि ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत मांडलेल्या केंद्रांवर ज्यांनी बालकांना लसीचे दोन थेंब पाजले, त्या शिक्षकांचा, अंगणवाडी सेविकांचा व पंचायत सदस्यांचा या यशात मोठा वाटा आहे. मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. पोलिओचा विषाणू मानवी पेशीत शिरताना ज्या रेणूचा आधार घेतो, त्याच रेणूवरून शरीरातील संरक्षक पेशी कर्करोगाची पेशी ओळखतात. इतकेच नव्हे, तर त्याच रेणूच्या साहाय्याने कर्करोगाची पेशी या संरक्षकांना रोखूनही धरते.

एकच रेणू शत्रूला दार उघडून देतो, रक्षकाला सावध करतो आणि प्रसंगी त्याच रक्षकाचे हात बांधतो, हे ऐकताना चमत्कारिक वाटते. परंतु कर्करोगावरील नव्या उपचारांमागचे बरेचसे मर्म या एका गोष्टीत साठविलेले आहे. म्हणून ती समजून घेणे अगत्याचे आहे.

पेशींची बांधणी

मानवी शरीर सुमारे ३० लाख कोटी पेशींचे बनलेले आहे. रक्तातील पेशी वगळल्या तर बहुतेक पेशी वाळूच्या कणांप्रमाणे सुट्या नसतात. जुन्या वाड्याच्या भिंतीत ज्याप्रमाणे विटा चुन्याने सांधलेल्या असतात, त्याप्रमाणे त्या परस्परांना सांधलेल्या असतात. हे सांधण्याचे काम पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिने करतात. त्यांना आसंजक रेणू, म्हणजेच चिकटवून ठेवणारे रेणू, असे म्हणतात. अशा रेणूचे एक टोक पेशीच्या आत रोवलेले असते, तर दुसरे टोक बाहेर येऊन शेजारच्या पेशीवरील रेणूचा हात धरते.

या रेणूंची अनेक कुळे आहेत. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून ‘कॅडहेरिन’ हे कूळ पुढे आले. कॅल्शियमच्या उपस्थितीतच त्याची पकड टिकते. ओसाका विद्यापीठातील योशिमी ताकाई यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दुसऱ्या एका कुळाला ‘नेक्टिन’ हे नाव दिले. जोडणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून ते घेतलेले आहे.

तथापि हे रेणू म्हणजे निव्वळ डिंक नव्हेत. शेजारी जागेवर आहे, आता वाढ थांबवावी, असा निरोपही ते पेशीच्या आत पोहोचवितात. निरोगी शरीरात पेशींची वाढ मर्यादेत राहते, त्यामागील कारणांपैकी हे एक आहे. कर्करोगात नेमकी हीच शिस्त मोडते. पेशी शेजाऱ्याचा निरोप जुमानत नाही, वाढतच राहते आणि पुढे आपली जागा सोडून शरीरात अन्यत्र जाऊन ठाण मांडते. साहजिकच तिच्या अंगावरील आसंजक रेणूंची मांडणीही बिघडते. काही रेणू नाहीसे होतात, तर काही वाजवीपेक्षा फार वाढतात.

पोलिओच्या शोधातून

या वाढणाऱ्या रेणूंपैकी एकाचा शोध कर्करोगाच्या नव्हे, तर पोलिओच्या अभ्यासातून लागला. पोलिओचा विषाणू माणसाला आणि वानरवर्गातील प्राण्यांना ग्रासतो, परंतु साध्या उंदराला सहसा होत नाही, हे शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक होते. उंदराच्या पेशींवर त्याला धरण्याजोगे काहीतरी नसावे, असा तर्क होता. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्हिन्सेंट रॅकॅनिएल्लो यांच्या प्रयोगशाळेने मानवी पेशीवरील तो रेणू निश्चित केला. पुढच्याच वर्षी त्या रेणूचे मानवी जनुक उंदरांत घालण्यात आले, तेव्हा त्या उंदरांनाही पोलिओची बाधा होऊन पक्षाघात झाला. तर्क खरा ठरला. या रेणूला आज ‘सी.डी. १५५’ असे नाव आहे.

परंतु शरीराने हा रेणू विषाणूच्या सोयीसाठी खचितच ठेवलेला नाही. मग त्याचे मूळ काम कोणते? पुढील अभ्यासात तो नेक्टिनांचा भाऊबंद असल्याचे निष्पन्न झाले. शेजारच्या पेशीला धरणे, तसेच पेशींच्या हालचालीस मदत करणे, हे त्याचे काम. निरोगी प्रौढ शरीरात बहुतेक ठिकाणी तो अल्प प्रमाणात आढळतो. याउलट फुप्फुस, मोठे आतडे, स्वादुपिंड, त्वचा व मेंदू यांच्या अनेक कर्करोगांत तो मोठ्या प्रमाणात दिसतो. पेशीतील आनुवंशिक द्रव्याला इजा झाली, किंवा वाढीचे संकेत अनावर झाले, की त्याचे उत्पादन वाढते. विटेच्या सांध्यापुरता असावयाचा चुना जणू विटेच्या चहूबाजूंनी थापला जातो. संरक्षक पेशींच्या नजरेत भरते ती हीच खूण.

पहाऱ्यावरील पेशी

शरीराच्या संरक्षण दलात अनेक प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. पहिला प्रकार टी-पेशींचा. प्रत्येक टी-पेशी एखाद्या ठराविक परकीय तुकड्याचीच ओळख बाळगते. दुसरा प्रकार ‘नैसर्गिक मारक पेशीं’चा. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील रॉल्फ किसलिंग, इव्हा क्लाईन व हान्स व्हिगझेल यांनी त्यांचे वर्णन केले, आणि त्याच सुमारास अमेरिकेतही त्या आढळून आल्या. पूर्वीची कोणतीही तालीम नसताना त्या कर्कपेशीवर तुटून पडतात. रक्तातील लसिका पेशींत त्यांचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असते.

या पेशींना डोळे नाहीत, कान नाहीत. त्यांची सारी ओळख स्पर्शाने होते. त्यांच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ नावाचे रेणू असतात. रिसेप्टर या नावानेही ते परिचित आहेत. संरक्षक पेशी वाटेत भेटणाऱ्या पेशीला क्षणभर भिडते आणि आपल्या ग्राहींनी तिचा पृष्ठभाग चाचपून पाहते. कुलुपात किल्ली बसावी तसा ग्राही समोरच्या रेणूत बसला, म्हणजे संरक्षक पेशीच्या आत संकेत जातो.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. हे संकेत एकाच प्रकारचे नसतात. काही ग्राही हल्ल्यास प्रवृत्त करतात, तर काही हल्ला आवरतात. घोडेस्वाराच्या भाषेत बोलावयाचे, तर काही ग्राही टाच मारतात आणि काही लगाम खेचतात. मारक पेशी दोहोंचे वजन करून निर्णय घेते. टाचेचा जोर अधिक झाला, तर ती समोरच्या पेशीला घट्ट चिकटते. मग ती ‘परफोरिन’ या प्रथिनाने तिच्या आवरणास छिद्रे पाडते व त्यांतून प्राणघातक विकरे आत सोडते. लगामाचा जोर अधिक झाला, तर ती पेशीला सोडून पुढे निघून जाते.

टाच

सी.डी. १५५ ओळखून टाच मारणारा ग्राही १९९६ मध्ये सापडला. जपानी शास्त्रज्ञ अकिरा शिबुया आणि अमेरिकेतील लुईस लॅनियर यांनी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत त्याचा शोध लावला. ‘डीनॅम-१’ या नावाने तो ओळखला जातो. टी-पेशी व मारक पेशी या दोहोंवर तो असतो. परंतु तो नेमका कोणता रेणू धरतो, हे त्या वेळी उलगडले नव्हते. ते कोडे २००३ मध्ये इटलीतील संशोधकांनी सोडविले. डीनॅम-१ धरतो तो रेणू पोलिओच्या विषाणूला दार उघडून देणारा सी.डी. १५५ होय, आणि त्याचाच सख्खा भाऊ शोभेल असा नेक्टिन-२ हा दुसरा होय, असे त्यांनी दाखवून दिले.

या टाचेचे महत्त्व किती, याचा पडताळा २००८ मध्ये मिळाला. डीनॅम-१ नसलेले उंदीर तयार करून त्यांना कर्करोगकारक रसायने देण्यात आली, तेव्हा त्यांच्यात सामान्य उंदरांपेक्षा अधिक गाठी उद्भवल्या. याचा अर्थ, गाठ दिसू लागण्यापूर्वीच शरीरातील पहारा तिच्याशी झुंजत असतो आणि त्या झुंजीत आसंजक रेणूची ओळख उपयोगी पडते.

लगाम

असे असूनही कर्करोग होतोच. कर्कपेशीच्या अंगावर ओळखीची खूण ठळक असताना पहारेकरी तिला जाऊ का देतात? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग २००९ मध्ये हाती आला. संरक्षक पेशींवर ‘टिजिट’ नावाचा आणखी एक ग्राही आढळला. तोही सी.डी. १५५ लाच धरतो. मात्र तो टाच न मारता लगाम खेचतो.

टिजिटची रीत तिहेरी आहे. एक म्हणजे, सी.डी. १५५ वरील त्याची पकड डीनॅम-१ च्या पकडीहून पुष्कळच घट्ट असते, त्यामुळे तो जागा आधीच अडवून बसतो. दुसरे म्हणजे, तो पेशीच्या आत थांबण्याचा संकेत पाठवितो. आणि तिसरे म्हणजे, शेजारच्या डीनॅम-१ रेणूंना परस्परांशी जोडी जमवू देत नाही. यात आणखी एक भर पडते. दीर्घकाळ सी.डी. १५५ च्या सान्निध्यात राहिलेल्या टी-पेशींवरील डीनॅम-१ हळूहळू नाहीसा होतो. सतत टाच मारलेला घोडा जसा अखेरीस टाचेला दाद देत नाही, तशीच ही स्थिती.

लगाम मुळात वाईट नव्हे. तो नसता, तर संरक्षक पेशींनी स्वतःच्याच शरीरावर हल्ला चढविला असता. सांधेदुखीचे काही प्रकार व इतर कित्येक विकार अशाच आत्मघाती हल्ल्यातून उद्भवतात. संक्रमण संपल्यावर फौज मागे घेण्यासाठीही लगाम हवाच असतो. कर्करोग नवे शस्त्र निर्माण करीत नाही. शरीराने स्वसंरक्षणासाठी ठेवलेला लगाम तो आपल्या हाती घेतो, एवढेच.

हाच प्रकार कॅडहेरिन कुळातही दिसतो. त्वचा, आतडे, स्तनग्रंथी यांच्या पेशींना सांधणाऱ्या ई-कॅडहेरिनला धरणारे दोन ग्राही संरक्षक पेशींवर असतात. त्यांपैकी ‘सी.डी. १०३’ हा टी-पेशीला गाठीतील पेशींशी चिकटून राहण्यास मदत करतो. ई-कॅडहेरिन हा त्याचा जोडीदार असल्याचे १९९४ मध्ये आढळले. दुसरा ‘के.एल.आर.जी.-१’ हा लगाम खेचतो, असे २००६ मध्ये दिसून आले. पुष्कळदा कर्कपेशी पुढे ई-कॅडहेरिनच टाकून देते. मग तिला रोखून धरणारा सांधा सुटतो आणि रोग शरीरभर पसरण्याची वाट मोकळी होते.

औषधांची वाटचाल

लगाम सैल केला, तर पहारेकरी पुन्हा कामास लागतील का? या विचारातून कर्करोगाच्या उपचारांना नवी दिशा मिळाली. क्योटो येथील तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये ‘पीडी-१’ हा लगाम सापडला होता. तो आसंजक रेणूला धरीत नसला, तरी त्याचे कार्य टिजिटसारखेच आहे. त्याला अडविणारी औषधे त्वचा, फुप्फुस इत्यादींच्या कर्करोगांत काही रुग्णांना उपयोगी ठरली. या क्षेत्रातील कार्याबद्दल होन्जो व अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पीडी-१ आणि टिजिट या दोन्ही लगामांचा ताण अखेर डीनॅम-१ या एकाच टाचेवर येतो, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे दोन्ही लगाम एकाच वेळी सैल करण्याच्या कल्पनेला बळ मिळाले.

प्रत्यक्षातील अनुभव मात्र संमिश्र आहे. टिजिटला अडविणाऱ्या ‘टिरागोलुमॅब’ या औषधाची फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १३५ रुग्णांवर झालेली प्राथमिक चाचणी आशादायक होती. नेहमीच्या औषधाला त्याची जोड दिली असता सुमारे ३१ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. जोड नसताना हेच प्रमाण १६ टक्के होते. परंतु ५३४ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत आयुर्मान निश्चितपणे वाढल्याचे सिद्ध होऊ शकले नाही, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. प्रयोगशाळेतील सुंदर तर्क रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचताना अशी ठेच लागते. म्हणूनच मोठ्या चाचण्यांवाचून कोणत्याही औषधाचा डांगोरा पिटणे धोक्याचे असते.

याच रेणूचा वेगळ्या तऱ्हेने उपयोग करून घेण्याचा प्रयत्न अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात झाला. पोलिओच्या लसीतील दुबळा विषाणू आणखी निरुपद्रवी करून तो मेंदूतील असाध्य गाठीत सोडण्यात आला. गाठीच्या पेशींवर सी.डी. १५५ विपुल असल्याने विषाणू त्यांत शिरतो आणि संरक्षण दलाला जाग आणतो, अशी ही योजना होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ६१ रुग्णांपैकी २१ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते. पूर्वीच्या तशाच रुग्णांत हे प्रमाण ४ टक्के होते. हा उपचार अद्यापि सर्वत्र वापरासाठी मान्य झालेला नाही. तरीही ज्या विषाणूने लक्षावधी बालके पंगू केली, त्यालाच कामाला जुंपण्याची ही कल्पना विचार करावयास लावणारी आहे.

महाराष्ट्रातील एका कार्याचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. लगाम सैल करणारी औषधे अतिशय महाग असतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मुख, घसा इत्यादींचा कर्करोग बळावलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. त्यांपैकी निम्म्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला पीडी-१ रोखणारे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, देण्यात आले. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे अल्प साधनांच्या देशांना एक नवी वाट दिसली.

बाहेरचा पहारा

या सर्व माहितीचा गावपातळीवर काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारील. उपयोग दुहेरी आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवून कर्करोग समूळ बरा करतो’ असे सांगत फिरणारे वैदू व बाजारातील चूर्णे यांच्या नादी लागून अनेक कुटुंबे मोलाचे महिने गमावतात. प्रतिकारशक्ती ही विहिरीच्या पाण्यासारखी वरखाली होणारी गोष्ट नसून ती टाच व लगाम यांचा नाजूक तोल आहे, एवढे ज्याला समजले, तो अशा दाव्यांना सहसा भुलणार नाही. सरसकट लगाम तोडणे हा उपाय नव्हे. मान्य औषधांनीही कधी आतडे, फुप्फुस वा ग्रंथींवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला होऊ शकतो, म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. शरीराच्या आतील पहारा कधीकधी फसतो, हे आता स्पष्ट झाले आहे. अशा वेळी बाहेरचा पहारा जागा असावा लागतो. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. अल्प मुदतीचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, शिरक्यात असते तेच आम्ल पातळ करून वापरून, त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी केली. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. येथे ना महागडे यंत्र होते, ना दुर्मीळ औषध. बदलाची खूण वेळेवर ओळखणारी नजर मात्र होती.

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांच्या मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. तोंडात न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, स्तनातील गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव ही लक्षणे दिसताच माणसाला आरोग्य केंद्राची वाट दाखविणे, हे काम कोणताही शिक्षक किंवा पंचायत सदस्य करू शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तिची अंमलबजावणी शाळेच्या कुंपणालगतच्या टपरीपासून सुरू होते, हेही विसरून चालणार नाही.

संरक्षक पेशी प्रत्येक पेशीजवळ थांबते, तिला चाचपते आणि मगच पुढे जाते. पोलिओच्या मोहिमेत कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नेमके हेच केले होते आणि त्यास फळ आले. कर्करोगाच्या बाबतीत तसे प्रमाणपत्र मिळण्याचा दिवस जवळ नाही. तथापि वेळेवर पटलेली प्रत्येक ओळख हा एक वाचलेला जीव ठरू शकतो, आणि ते काम नव्या औषधांची वाट न पाहता आजच हाती घेता येण्याजोगे आहे.